समुद्रतळाचा नकाशा एकदाच काढून भागणार नाही

माननीय संपादक महोदय,

किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या तळावर कोठे प्रवाळ, कोठे समुद्री गवत आणि कोठे नुसती वाळू आहे याचे नकाशे काढावेत, असे पत्र गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातून कोणी लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु देशाचे नौकानयनाचे अधिकृत नकाशे ज्या डेहराडूनमध्ये तयार होतात, त्या शहराला तरी समुद्र कोठे आहे?

ते नकाशे जहाजांसाठी असतात. पाण्याची खोली आणि खडकांचा धोका त्यांत नेमका दाखवलेला असतो. तळावर काय जगते हा त्यांचा विषय नव्हे. त्यातून उथळ पाणी मोजायलाच अधिक खटाटोप पडतो. बोटीखालून पंख्यासारख्या पसरणाऱ्या ध्वनिलहरी एका फेरीत जी पट्टी मोजतात, तिची रुंदी साधारणपणे खोलीच्या तीन-चार पट असते. म्हणजे १०० मीटर खोलीवर ३००-४०० मीटर, पण ५ मीटर पाण्यात जेमतेम १५-२०. उपग्रहाला तळ दिसतो तो पाणी नितळ असेल तेथेच, आणि खाडीच्या तोंडाशी ते बहुधा गढूळ. ध्वनीवरून तळ टणक की मऊ याचा अंदाज येतो, मात्र त्यावर नेमके काय वाढले आहे, हे पाणबुड्याने किंवा कॅमेऱ्याने खाली जाऊनच पाहावे लागते. पूर्वीचे सर्वेक्षक शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला चरबी लावून तो पाण्यात सोडत आणि चिकटून आलेली वाळू, शिंपले पाहून तळाची नोंद करत. आमच्या तलावावरचे ढिवर बांधव आजही डोंगा रेटताना बांबू तळाशी किंचित फिरवतात व टोकाला गुंडाळून आलेले गवत पाहून जाळे कोठे टाकायचे ते ठरवतात.

या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावाच्या सरकारी नोंदीत क्षेत्र आहे, साठा आहे, तळ नाही. काही वर्षांपूर्वी यंत्रे लावून गाळ काढला तेव्हा पाण्याखालचे गवतही त्याबरोबर गेले, काठाला बेशरमाची झुडपे माजली आणि मरळ मासळी मिळेनाशी झाली. तक्रार नेली, तर ‘आधी गवत होते याला पुरावा काय?’ असे विचारण्यात आले. पुरावा खरोखरच नव्हता.

म्हणून मालवणच्या सागरी अभयारण्याविषयी लिहावेसे वाटते. ते १९८७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पाण्यात ठरलेल्या रेषांवर, पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर, दरवर्षी त्याच सुमारास तळाची पाहणी होणे अशक्य नाही. एकदा काढलेला सुंदर नकाशा कपाटात राहिला, तर ट्रॉलरच्या जाळ्याने तळ खरवडला की प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले, हे त्यावरून कधीच कळणार नाही. या अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध होता. निदान नोंदी त्यांच्यासोबत घ्याव्यात आणि नकाशे त्यांच्या गावांत मराठीत लावावेत.

हीच पद्धत आमच्या तलावांना लावायची झाल्यास बोटीचा खर्चही नको. डोंगा आणि बांबू गावात आहेत. नोंदवही तेवढी शासनाने द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया