दांडी मारणाऱ्यांचंही कधी छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा बुडवणं या विषयावर पेपरात जे काही येतं ते एकतर तज्ज्ञांचं असतं नाहीतर काळजीत पडलेल्या पालकांचं, ज्यांनी मनापासून आणि आनंदाने शाळा बुडवली त्यांचं कोणी छापतच नाही. म्हणजे आम्ही लिहीतच नाही हेही खरं, कारण आता आम्हीच पालक झालोय आणि मुलांसमोर असलं काही बोलायची चोरी. तर आज मी लिहिते, छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

आधीच सांगते, आम्ही काही वाया गेलेल्या मुली नव्हतो. मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी मधल्या बाकावरच्या, ना हुशार ना ढ. दांडी मारायला हीच जागा उत्तम असते. पहिल्या बाकावरची आली नाही की बाईंना चुकल्यासारखं होतं, शेवटच्या बाकावरची आली नाही की संशय येतो, मधल्या बाकावरची असो नसो, हजेरीपटावर एक खाडा पडतो आणि तास सुरू होतो. कारण काय विचाराल तर काहीच नाही. परीक्षा नसायची, गृहपाठ बऱ्याचदा झालेला असायचा, कोणी त्रासही देत नव्हतं. सकाळी घरून वेळेवर निघायचो, वेण्या घट्ट, दप्तर पाठीवर, आणि जिथे शाळेकडे वळायचं तिथे एकीने दुसरीकडे नुसतं बघायचं. बास, तेवढंच. आदल्या दिवशी ठरवून मारलेल्या दांडीला ती मजा कधीच आली नाही, ठरवलं की रात्री झोप लागायची नाही आणि सकाळी आईच्या नजरेला नजर देता यायची नाही.

वळणानंतरची पहिली दहा मिनिटं नुसती धडधड. प्रत्येक येणारा जाणारा ओळखीचा वाटायचा, मागून सायकल आली तरी दचकायचो. मग लांबून शाळेची घंटा ऐकू यायची. घंटा झाली म्हणजे गेट बंद, आता जायचं म्हटलं तरी उशिराचा शेरा मिळणार, म्हणजे परत फिरायचा प्रश्नच मिटला, आणि त्या क्षणी छातीतली धडधड थांबून जे काय हलकं वाटायचं ना त्याला तोड नाही. पुढे नोकरी लागली, पहिला पगार झाला, स्वतःचं घर झालं, सगळ्याचा आनंद झाला पण तसं हलकं काही वाटलं नाही.

आणि मग दिसायचं अकरा वाजताचं जग. शाळेतल्या मुलांना ते माहीतच नसतं, कारण ती त्या वेळी कायम फळ्याकडे तोंड करून बसलेली असतात. आमच्या रोजच्याच रस्त्यावर उन्हाची जागा वेगळी असायची, ज्या भिंतीवर रोज सावली बघितली तिथे लख्ख ऊन. पोस्टमन सायकल टेकवून एका पायरीवर बसलेला आणि मांडीवर पत्रांचा गठ्ठा घेऊन घरांच्या क्रमाने पत्रं लावतोय, मधेच एखादं पोस्टकार्ड वाचूनही बघतोय. एक कुत्रं रस्त्याच्या बरोब्बर मधे झोपलेलं, सायकली त्याच्या बाजूने वळसा घेऊन जातायत आणि कोणी त्याला हाकलत नाहीये. बायका दारात उभ्या राहून इतक्या निवांत बोलत असायच्या की मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, मोठी माणसं कायम घाईत नसतात, ती फक्त आमच्यासमोर घाईत असतात.

पण खरं सांगायचं तर दांडीचा मोठा भाग कंटाळ्याचा असतो, हे कोणी सांगत नाही. पाच तास घालवायचे कुठे? खिशात पैसे नाहीत, अंगात युनिफॉर्म, दोघींत मिळून एक घड्याळ तेही मागे पडणारं, आणि लोकांना वेळ विचारावी तर ते वेळ सांगता सांगता वरपासून खालपर्यंत बघणार आणि म्हणणार काय गं, शाळा नाही का आज. मुलग्यांना एवढं कोणी विचारायचं नाही. ते दिवसभर मैदानात पडलेले असले तरी पोरंच आहेत म्हणून सोडून द्यायचे, मुलगी भर दुपारी रिकामी दिसली की सगळ्या जगाला तिची काळजी. त्यामुळे आमचा नियम होता की कायम कुठेतरी निघाल्यासारखं चालायचं, थांबायचं नाही, आणि एक वही हातात धरायची. दप्तरात नाही, हातात. वही हातात असली की माणूस कामाला निघाल्यासारखा दिसतो. (ऑफिसात मला हे ज्ञान आजपर्यंत उपयोगी पडतंय, फाईल हातात धरून झपझप चाललं की कोणी अडवत नाही.)

पाय दुखायला लागले की मग वाचनालय, कारण तिथे कोणी काही विचारत नाही, फक्त गप्प बसा म्हणतात. तिथे नकाशांचं एक भलंमोठं पुस्तक होतं, टेबलावर उघडायला दोघी लागायच्या, आणि आम्ही एकेक पान उलटून बोटाने समुद्र ओलांडत बसायचो, एकीने अवघड नावाचं शहर सांगायचं आणि दुसरीने शोधायचं. म्हणजे भूगोलाच्या तासाला जांभया दिल्या त्याही मीच आणि भूगोलाच्याच तासाला दांडी मारून ॲटलास बघत बसले तीही मीच.

दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी हा एक वेगळाच विषय. आजार फार विचार करून निवडावा लागतो. ताप नको, ताप म्हटलं की आज एवढी टवटवीत कशी म्हणतात. दात नको, तोंड उघडायला लावतील. पोट बरं, पोटात डोकावून कोणी बघत नाही. मैत्रिणीचं अक्षर मोठ्या माणसासारखं तिरकं होतं म्हणून माझी चिठ्ठी ती लिहायची आणि तिची पण तीच लिहायची, वळण जरा बदलून. एकदा आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी माझी चिठ्ठी घेतली, वाचली, लाल पेन काढलं, 'प्रकृति'ची वेलांटी दीर्घ केली, 'अस्वस्थ्य'मधला य खोडला, 'विनंति'खाली रेघ मारली आणि चिठ्ठी माझ्या हातात परत देऊन एकदम शांतपणे म्हणाल्या, वडिलांना म्हणावं शुद्ध लिहून पाठवा. पुढे एक शब्द नाही. घरी कळवलं नाही, वर्गात उभं केलं नाही. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत शब्दकोश घेऊन बसलो आणि तीच चिठ्ठी नव्याने लिहिली, एक चूक नाही, आणि बाईंनी ती घेतली आणि हजेरीपटात ठेवून दिली. त्यांना सगळं कळलेलं होतं आणि त्यांना कळलंय हे आम्हाला कळलेलं होतं. माझं शुद्धलेखन जे काय बरं आहे ते त्या एका चिठ्ठीमुळे. या पत्रात चुका सापडल्या तर टाईप करताना झाल्या असं समजा.

बुडालेला अभ्यास भरून काढायला मात्र वर्गात एक वहीवाली लागते, जी कधीच गैरहजर नसते. आइन्स्टाइनचं पण हेच. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये असताना तो लेक्चरला फारसा बसायचा नाही, त्याचा वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान मात्र न चुकता बसायचा आणि सुरेख नोट्स काढायचा, परीक्षा आली की आइन्स्टाइन त्याच नोट्स वाचायचा, आणि 1900 साली पास झाला. पुढे नोकरी मिळेना तेव्हा याच ग्रोसमानच्या वडिलांनी शब्द टाकला म्हणून 1902 मध्ये पेटंट ऑफिसात चिकटला, आणि 1912 मध्ये सापेक्षतेच्या गणितात अडला तेव्हा परत धावला तो ग्रोसमानकडेच. लोक ही गोष्ट आइन्स्टाइनची म्हणून सांगतात, मला ती कायम ग्रोसमानची वाटते. आमच्या वहीवालीने पण कधी कुरकुर केली नाही, फक्त एकदा म्हणाली, मला पण न्या ना गं कधीतरी. नेलं नाही आम्ही तिला. तिला नेलं असतं तर वही कोणाची घेतली असती?

आता कोणी म्हणेल बाई, दांडीचं कौतुक काय करताय, तर मला कळतं की शाळेत यायलाच हवं हा नियम उगाच आलेला नाही. प्रशियाच्या (म्हणजे जुन्या जर्मनीतल्या एका राज्याच्या) राजा फ्रेडरिक दुसऱ्याने 1763 मध्ये मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं केलं, इंग्लंडमध्ये 1880 च्या कायद्याने 5 ते 10 वर्षांच्या मुलांना हजेरी सक्तीची झाली, तेव्हा त्यातली कितीतरी पोरं शेतात नाहीतर कारखान्यात राबत होती, म्हणजे हजेरी घ्यायला येणारा माणूस त्यांच्याच बाजूचा होता. युनेस्कोच्या हिशोबाने आजही जगात 25 कोटींहून जास्त मुलंमुली शाळेबाहेर आहेत, दांडी मारायची तरी आधी पटावर नाव लागतं. आणि जपानमध्ये वर्षात 30 किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत न जाणाऱ्या मुलांची सरकार वेगळी नोंद ठेवतं, 2023 च्या शैक्षणिक वर्षाचा आकडा 3 लाख 40 हजारांच्या वर होता, त्यातल्या किती जणांना शाळेच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येत असेल. ती दांडी नव्हे. त्याला दांडी म्हणणं म्हणजे त्या पोरांची थट्टा. पण शाळेला घाबरणारा मुलगा आणि आज जरा ऊन बघावं वाटलेली मुलगी, दोघांपुढे हजेरीपटावर खाडा एकच पडतो आणि मग चर्चाही दोघांची एकच होते, माझी तक्रार असलीच तर एवढीच आहे.

इंग्लंडमध्ये तर ऑगस्ट 2024 पासून विनापरवानगी पाच दिवस शाळा बुडाली की आईबापाला प्रत्येकी 80 पौंड दंड होऊ शकतो, तीन आठवड्यांत भरला नाही तर 160. गंमत म्हणजे तिकडे हा दंड बराचसा शाळा चालू असताना स्वस्तात फिरायला जाणाऱ्या कुटुंबांनाच होतो. म्हणजे आईबापच दांडी मारायला लावणार, तिकीट तेच काढणार आणि बॅगही तेच भरणार. मुलांकडे स्वतःची म्हणावी अशी दांडीसुद्धा शिल्लक राहिली नाही.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत हजेरी झाली की मला मेसेज येतो, बस कुठल्या वळणावर आहे ते नकाशावर दिसतं, आणि मेसेज आला की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ती सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे आहे हे कायम कोणाला तरी माहीत असतं, शाळेला, क्लासला, मला, आणि कोणालाच नसलं तरी फोनला. आमचे ते पाच तास असे होते की आम्ही कुठे आहोत हे जगात एका माणसाला माहीत नव्हतं, आणि सगळी मजा तीच होती हे आता कळतंय.

परवा तिला हे सगळं सांगून टाकलं. मला वाटलं डोळे विस्फारेल. तर म्हणे त्यात काय, ग्रेटा थुनबर्गनेपण शाळा बुडवली होती. म्हटलं अगं तिची गोष्ट वेगळी, 20 ऑगस्ट 2018 ला 15 वर्षांची ती पोर हवामान बदलाबद्दल सरकारने काहीतरी करावं म्हणून फलक घेऊन स्वीडनच्या संसदेबाहेर जाऊन बसली, निवडणूक होईपर्यंत रोज आणि नंतर दर शुक्रवारी, पुढच्या मार्चमध्ये शंभराहून जास्त देशांतली मुलं तिच्यासारखी शाळा सोडून रस्त्यावर आली. भारीच मुलगी. पण ती सगळ्यांना दिसावं म्हणून बसली होती आणि आम्ही कोणालाही दिसू नये म्हणून हिंडत होतो. मग तुमचा मुद्दा काय होता? काही नाही. म्हणजे प्रोजेक्ट वगैरे? नाही गं. फोटो तरी काढले असतील? कशाने काढणार. मग पाच तास करायचात काय? चालायचो. तिला काही केल्या पटेना, मी तिच्यापासून काहीतरी लपवतेय असंच तिच्या चेहऱ्यावर.

थोडा वेळ गप्प बसली आणि मग एकदम विचारलं, पण आई, फोन कुठे ठेवायचा? घरी ठेवला तर तुला कळणार, बंद केला तरी कळणार आणि सोबत नेला तर मी कुठेय ते दिसणार. मी म्हटलं अभ्यास कर. पण रात्री पडल्या पडल्या तोच विचार चालू होता आणि मला उत्तर सापडलं, फोन वहीवालीच्या दप्तरात ठेवायचा, म्हणजे तो बरोबर शाळेत जाणार आणि शाळा सुटल्यावर बरोबर घरी येणार. हे मी तिला अर्थातच सांगितलेलं नाही. आणि हजेरीच्या मेसेजचं काय करायचं ते मलाही अजून सुचलेलं नाही.

कळावे. नाव छापू नये ही विनंती, मुलीच्या शाळेत तुमचा पेपर येतो.

आपली,
एक जुनी दांडीबहाद्दर