हँडल नसलेला हापसा

ती. बाबा आणि आई, सा.न.वि.वि.

नुसते फोटो टाकतेस, जरा सविस्तर लिही म्हणालात ना, म्हणून बसलेय. रविवारी सोहोत गेले होते, लंडनच्या अगदी मधोमध, आता सगळी हॉटेलं नि महागडी दुकानं. तिथे ब्रॉडविक स्ट्रीटवर एक जुन्या पद्धतीचा हापसा उभा केलाय, त्याला हँडलच नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. आणि बाबा, तो बघून मला एकदम तुम्ही दिसलात, सायकलला पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पिशवी अडकवून विहिरी फिरणारे.

1854 च्या ऑगस्टअखेर इथे पटकी, म्हणजे कॉलरा, आली. तेव्हा ही गरिबांची वस्ती, एकेका खोलीत अख्खं कुटुंब नि घराखाली मैल्याचे खड्डे. 600 च्या वर माणसं गेली. घाण वासाने रोग होतो असंच बहुतेक सगळे म्हणायचे, डॉ. जॉन स्नो मात्र म्हणे की पाण्याने होतो. गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये 535 जण होते, स्वतःची विहीर होती, तिथे फक्त 5 दगावले! बिअरच्या भट्टीवरचे कामगार तर बिअरच प्यायचे, ते वाचले. मग स्नोच्या सांगण्यावरून 8 सप्टेंबरला इथल्या हापशाचं, म्हणजे पंपाचं, हँडल काढलं.

पण मला खरा आवडला तो हेन्री व्हाइटहेड, तिथल्या चर्चचा तरुण पाद्री. स्नोचं म्हणणं खोटं ठरवायचं म्हणून हा घरोघर फिरला, वस्तीतले लोक ओळखीचे, त्यामुळे दारं उघडायची, एकेका घरी परत परत जाऊन विचारायचा पाणी कुठलं प्यायलात, कधी प्यायलात, आणि विचारता विचारता स्वतःच पटला. मग मृत्यूंच्या नोंदीत त्याला 40 नंबरच्या घरातली 5 महिन्यांची मुलगी सापडली, साथ भडकायच्या आधीच तिला जुलाब लागलेले. आईने लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या खड्ड्यात ओतलं होतं. खणून बघितलं तर खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि पंपाची विहीर तिथून तीन फूटही नाही.

अजून ऐका. त्या मुलीचा बाप आजारी पडला तो नेमका हँडल काढलं त्याच दिवशी, नंतर गेलाच तो. म्हणजे हँडल तसंच राहिलं असतं तर सगळं परत सुरू झालं असतं. माझ्या अंगावर काटा आला हे वाचून.

शेजारी स्नोच्या नावाचा पब आहे, आणि त्या बिचाऱ्याने कित्येक वर्षं दारूला हात लावला नव्हता!

बाबा, तुम्हीही कोणाकडे गेलात की चहाच्या आधी पाणी कुठलं भरता ते विचारायचात, आई किती वैतागायची. ती पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची पेटी अजून माळ्यावर आहे का? असली तर दिवाळीच्या साफसफाईत आईला टाकू देऊ नका, मी आले की मला हवीये.

तुमची,
बेबी