सदरा विसरलेला बोरिस

महोदय,
जुन्या रशियावरच्या लेखांत झार आणि सोनेरी घुमट हमखास असतात. घरी सदरा विसरलेला माणूस मात्र कुठेच दिसत नाही. तो नोवगोरोद या जुन्या रशियन शहरात भेटतो. तिथल्या ओल्या मातीत १९५१ साली भूर्जाच्या सालीवर कोरलेलं पहिलं पत्र सापडलं. आज अशी अकराशेहून अधिक पत्रं आहेत. आपल्याकडे भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या गेल्या, तिकडे उधारी आणि निरोप!

चौदाव्या शतकातला बोरिस नस्तास्याला कळवतो, घोड्यावरून माणूस धाड, इथे कामं फार आहेत. आणि हो, सदरा पाठव, विसरलो. कुळं बोयार जमीनदाराकडे नापिकीची गाऱ्हाणी मांडतात. विकत घेतलेल्या दासीपायी राणीने मलाच धरलं, अशी तक्रार बाराव्या शतकातला एक जण करतो. त्या दासीची बाजू मात्र कुणी कोरलेली नाही.

माझा लाडका ओनफिम. तेराव्या शतकातलं हे सहा-सात वर्षांचं पोर मुळाक्षरं गिरवता गिरवता कंटाळलं, भाला मारणारा घोडेस्वार काढला आणि शेजारी स्वतःचं नाव टाकलं. आमचा नातू वहीच्या मागच्या पानावर हेच उद्योग करतो.

– एक वाचक, सातारा