मेरी लॉईडचा तोल जातो तेव्हा

लंडन,
४ जानेवारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी हातात पडलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात फतकल मारून एका बुटाला लाकडी तळ ठोकत होते. बूट केवढा म्हणशील, तर २८ इंच लांब! लिट्ल टिच नावाचा जेमतेम साडेचार फूट उंचीचा एक नट असले बूट घालून नाचायचा. पुढे इतका झुकायचा की आता नाकावर आपटणार असं वाटावं, आणि तसाच परत सरळ व्हायचा. १९०० साली पॅरिसमध्ये त्याच्या या नाचाची छोटीशी फिल्म घेतली होती, ती अजून बघायला मिळते. आमच्या नाटकात ही भूमिका करणारे गृहस्थ निवृत्त बसचालक आहेत. महिनाभर रोज रात्री ती फिल्म लावून ते भिंतीला धरून झुकायला शिकले. बूट हलका झाला की माणूस पडतो, हे आम्हाला दोन जोड वाया घालवल्यावर कळलं.

नाटक कसलं बसवतेयस, विचारलं होतंस ना? आता प्रयोगही झाले, मग सगळं सविस्तर ऐक.

आमच्या पूर्व लंडनमधल्या हौशी मंडळींनी दर नाताळच्या सुट्टीत काहीतरी बसवायचं अशी पद्धत आहे. या वेळी मी म्युझिक हॉलच्या कलाकारांवर नाटक करूया म्हटलं. २७, २८ आणि २९ डिसेंबर असे तीन प्रयोग, जागा चर्चच्या हॉलची, नट चौदा, एक पियानो. दिग्दर्शन माझ्याकडे.

म्युझिक हॉल म्हणजे गाण्याची सभा नव्हे हं. दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या गाण्याच्या खोल्यांतून हा प्रकार वाढला. १८५२ साली चार्ल्स मॉर्टनने लॅम्बेथला कँटरबरी हॉल उघडला आणि मग गावोगाव असे हॉल झाले. सुरुवातीच्या काळात लोक टेबलाशी बसून खातपीत कार्यक्रम बघायचे. चेअरमन नावाचा एक गृहस्थ हातोडी आपटून पुढच्या कलाकाराला पुकारायचा, आगाऊ प्रेक्षकाला तिथल्या तिथे गप्प करायचा. गाण्याचं कडवं कलाकाराने म्हणायचं आणि ध्रुवपद अख्ख्या हॉलने. नाताळात यातलेच गाजलेले लोक ड्रुरी लेन थिएटरच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे परीकथेवरच्या विनोदी नाटकात, उतरायचे. तिथे डॅन लेनो लुगडं नेसल्यासारखा झगा सावरत बडबड्या म्हातारीचं सोंग आणायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्यांदा म्हणाले, अगं, ही तर आपली तमाशातली मावशी! आणि व्हेस्टा टिली तर थेट बालगंधर्वांची उलटी बाजू. गंधर्वांनी नेसलेली साडी बघून बायका तशी नेसायच्या, इथे ही बाई पुरुषाच्या कोटपाटलोणीत उभी राहायची आणि तरुण पोरं तिच्या कोटाची नक्कल करायची.

तालमींच्या आधी सगळ्यांना घेऊन मी टॉवर ऑफ लंडनजवळच्या विल्टन्स म्युझिक हॉलला गेले होते. १८५९ साली जॉन विल्टनने तो बांधला आणि तो अजून उभा आहे. सज्जाखाली पीळ घातलेले सडपातळ लोखंडी खांब आहेत. पुढे १८८८ मध्ये तो मेथडिस्ट मिशनकडे गेला आणि दुसऱ्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा संपकऱ्यांना तिथे जेवण मिळालं. गाण्याच्या त्या हॉलमध्ये उपाशी संपकरी जेवत बसलेत, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. नाटकाचा दुसरा अंक तिथेच ठरला. संपाचा, पण कलाकारांच्या, १९०७ मधल्या.

तोवर हॉल मोठ्या कंपन्यांच्या हातात गेले होते. रोज दोन खेळ. कलाकार एका रात्रीत तीन-तीन हॉल करायचे, एक टर्न संपला की घोडागाडीत बसून पुढच्या हॉलला पळायचं. मालकांनी दुपारचे जादा खेळ बिनपैशाने लादले, वर आजूबाजूच्या हॉलमध्ये काम करायचं नाही अशी अटही करारात घातली. जानेवारी १९०७ मध्ये होबर्न एम्पायरपासून संप सुरू झाला. आणि हॉलच्या दारात पत्रकं वाटायला कोण उभी? मेरी लॉईड, म्युझिक हॉलची गाजलेली गायिका! तिला गरजच नव्हती गं. ती मागेल ते पैसे मिळवत होती. तिचं म्हणणं एवढंच, की आम्ही नावाजलेले आमच्या अटी ठरवू शकतो, पण आठवड्याला तीस शिलिंग ते तीन पौंडांवर जगणाऱ्यांसाठी हे भांडण आहे. होक्स्टनमध्ये गरिबीत वाढलेली बाई ती, विसरली नव्हती. शेवटी सरकारी लवादापुढे प्रकरण गेलं आणि कलाकारांच्या बऱ्याच मागण्या मान्य झाल्या.

या प्रसंगात एक हमखास हशाची जागा होती आणि ती मी गाळली. बेल एल्मोर नावाची एक सामान्य गायिका संप मोडून आत जायला निघाली. तेव्हा मेरी म्हणाली म्हणे, जाऊ द्या तिला, तिचं गाणं ऐकून लोक आपोआप बाहेर येतील. पण तीनच वर्षांनी या बेलचा खून झाला, नवऱ्याला त्यासाठी फाशी झाली. आमच्या मंडळींना तो विनोद हवा होता. मी नाही म्हटलं ते नाहीच.

दुसरा वाद शेवटावरून झाला. १९१२ साली पॅलेस थिएटरमध्ये राजाराणीसमोर म्युझिक हॉलच्या कलाकारांचा मोठा कार्यक्रम झाला आणि मेरीला वगळलं. तिचं डोळे मिचकावणं आणि शब्दांचे दुहेरी अर्थ दरबारी सभेला सोसणारे नव्हते. सांगतात, की तिने दुसरीकडे खेळ लावला आणि जाहिरात केली, मेरी लॉईडचा प्रत्येक खेळ हा ब्रिटिश जनतेच्या हुकमावरून होतो. सगळ्यांना इथेच पडदा हवा होता. सुट्टीचं नाटक, लोक मुलंबाळं घेऊन येतात, मरण कशाला दाखवायचं? पण मला १९२२ हवं होतं. ऑक्टोबरमध्ये ती एडमंटन एम्पायरमध्ये दारुड्या बाईचं एक गाणं करत होती. खरोखर आजारी होती, पाय लटपटत होते, तोल जात होता. लोकांना वाटलं, काय झकास अभिनय! पोट धरून हसले. तीन दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, ती गेली. ५२ वर्षांची होती.

सुमे, हा प्रसंग पहिल्या रात्री सपशेल पडला. मेरीचं काम करणारी मुलगी नर्स आहे, आजारी माणूस कसा चालतो हे तिला पक्कं ठाऊक. तिने प्रत्येक पावलात वेदना दाखवली. प्रेक्षागृह चिडीचूप, कोणी हसलं नाही, काही बायकांनी डोळे पुसले. बाकीची मंडळी खूश होती, मला मात्र रात्रभर झोप नाही. त्या हॉलमध्ये १९२२ साली लोक हसले होते आणि आम्ही ते हसूच काढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एकटीला बोलावलं. म्हटलं, वेदना विसर. तू दारुड्या बाईचं गाणं करणारी, तीस-पस्तीस वर्षं लोकांना हसवलेली बाई आहेस, आजही तुला हसवायचंच आहे. आणि खुर्ची हात पोचणार नाही इतकी, वीतभर लांब सरकवली. तिला सांगितलं नाही.

त्या रात्री ती खुर्चीकडे गेली, हात हवेत राहिला, पाय मागे सरकला. हॉल हशाने फुटला! पुढच्या रांगेतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा तर खिदळत बाकावर उभा राहिला. तिने टोपी सावरली, उरलेलं कडवं म्हटलं, ध्रुवपद लोकांनी म्हटलं, ती आत गेली. चेअरमनने हातोडी उचलली, पण आपटली नाही. हळूच टेबलावर ठेवली आणि फक्त तारीख सांगितली. ते हसू कसं विझत गेलं ते मी विंगेतून ऐकलं. मागच्या रांगांपासून पुढे. तो मुलगा सगळ्यात शेवटी खाली बसला.

खेळानंतर खुर्चीबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, उद्याही तिथेच ठेवा.

आणखी एक सांगायचं राहिलं. तालमीत मी आमच्या मंडळींना सांगितलं होतं, की आमच्याकडे संगीत नाटकात पद आवडलं की लोक इंग्रजीत ‘वन्स मोअर’ ओरडतात. त्यांना विश्वासच बसेना, कारण इथे तसं कोणी ओरडत नाही, फ्रेंच शब्द वापरतात. २९ तारखेला व्हेस्टा टिलीचं गाणं संपलं आणि पियानोवाल्या आजोबांनी वळून, माझ्याकडे बघत, खणखणीत ‘वन्स मोअर’ दिला. मग अख्खा हॉल. मला एकदम सांगलीचं भावे नाट्यमंदिर आठवलं, तुझे बाबा, आणि मध्यंतरातला बटाटेवडा.

शेवटी टोपी फिरवून जमलेले पैसे ट्विकनमच्या ब्रिन्सवर्थ हाऊसला पाठवले. म्हाताऱ्या कलाकारांसाठीचं ते घर १९११ पासून चालू आहे.

आता तुझ्याकडे एक काम. पुढच्या नाताळला डॅन लेनोची म्हातारी आणि आपली मावशी समोरासमोर आणायचा विचार आहे. तुझ्या बाबांच्या ट्रंकेत बतावणीच्या दोन वह्या होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. वाळवीने ठेवल्या असतील तर मावशीची पानं फोटो काढून पाठव. अक्षर लागलं नाही तर फोनवर वाचून दाखव, मी लिहून घेईन.

तुझी,
विजू