विषय: इंटरनेटचा 300 चा प्लॅन, वायरवर स्पीड 94, आणि तक्रार म्हणे सुटली

प्रति,
कस्टमर केअर

नमस्कार,

काल संध्याकाळी तुमचा मेसेज आला की माझी तक्रार सुटलीये आणि आता स्टार द्या. सुटलेली नाहीये. मी घरी नसताना तुमचा माणूस आला, आईकडून ओटीपी घेतला आणि तक्रार बंद करून गेला, आईला वाटलं गॅस सिलेंडरसारखंच असेल, माणूस दारात आला की ओटीपी सांगायचा. म्हणून तीच तक्रार परत करतोय आणि यावेळी सगळं सविस्तर लिहितोय, म्हणजे "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर तरी नको यायला.

मी इंदिरानगरला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम आहे. राउटर खाली हॉलमध्ये, कॉम्प्युटर वरच्या खोलीत, आणि मधली 22 मीटर लॅन केबल कनेक्शन देताना तुमच्याच माणसाने टाकलीये, 25 रुपये मीटरने साडेपाचशे घेतले, पावतीवर कॉपर केबल लिहिलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्लॅन 300 एमबीपीएसचा, अपलोड डाउनलोड दोन्ही. वायरवर स्पीड येतो 94. सकाळी 94, दुपारी 94, रात्री 12 वाजता सगळी कॉलनी झोपली तरी 94च. लाइनवर गर्दी असती तर कधी 60 कधी 200 असं काहीतरी झालं असतं ना, आकडा एका जागी खिळल्यासारखा बसलाय म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकतंय, हे मला कळतं तर तुमच्या टेक्निकल टीमला का कळत नाही? एका लग्नाचं फुटेज 60 जीबी होतं, ते वर चढवायला अर्ध्या तासाच्या जागी दीड तास जातो, आणि लग्नसराईत असे तीन-चार क्लायंट एकदम डोक्यावर बसलेले असतात.

फोनवर तुमच्या ताईंनी आधी सांगितलं कॉम्प्युटर जुना असेल. मग दुसरे एक जण बोलले सर 500 चा प्लॅन घ्या. अहो पाइपच अर्ध्या इंचाचा असेल तर वरची टाकी मोठी करून काय होणार! पहिल्यांदा जो टेक्निशियन आला त्याने राउटरशेजारी उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर वायफायने टेस्ट केली, 280 आले, स्क्रीनशॉट काढला आणि निघाला. मी म्हणालो दादा तक्रार वायरची आहे, तर म्हणे वायफायवर येतोय म्हणजे आमच्या बाजूने ओके.

शेवटी रविवारी मीच बसलो. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटला (म्हणजे वायरच्या कनेक्शनला) लिंक स्पीड बघितला, म्हणजे त्या वायरवरून कॉम्प्युटर आणि राउटर जास्तीत जास्त किती वेगाने बोलू शकतात तो आकडा, 100/100. इथेच अर्धं कळलं. 100 च्या लिंकवर डेटाच्या पॅकेटची पत्ते-शिक्के वगैरे उठाठेव वजा जाऊन हातात 94-95च उरतात, म्हणजे आकडा कुठून आला ते समजलं. मग सीपीयू उचलून जिन्यावरून खाली आणला (कंबर अजून दुखतीये, त्याचं बिल लावत नाही), त्याच राउटरच्या त्याच पोर्टला दीड मीटरची दुसरी वायर लावली तर लिंक सरळ 1000 वर आणि टेस्टमध्ये 287. म्हणजे राउटर ठीक, कॉम्प्युटर ठीक, फायबर ठीक. राहिली कोण? तुमची 22 मीटर.

वरच्या टोकाचा जॅक खिडकीजवळ उजेडात धरून बघितला. त्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये आठ तारा दिसायला पाहिजेत ना, चारच होत्या, नारिंगीची जोडी आणि हिरव्याची जोडी. निळी आणि तपकिरी जोडी मागे दुमडून वर काळी टेप गुंडाळलेली, अगदी व्यवस्थित, म्हणजे चुकून नाही झालेलं. 100 च्या स्पीडला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, चारही लागतात, हे केबल ओढणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आठ तारा लावायला दोन मिनिटं जास्त लागतात, ती वाचवली.

ओळखीच्या एका पोराकडून दोन्ही टोकांना नवीन जॅक पंच करून घेतले, सगळ्या आठ तारा लावून. चालू झालं, 1000 ची लिंक आली, मी खूश. तिसऱ्या दिवशी परत 94. टोक परत कापून बघितलं तर तपकिरी तार आतल्या आत तुटलेली, आणि ब्लेडने खरवडली तर वरती तांब्याचा रंग आणि खाली पांढरं. ॲल्युमिनियम! वर नुसता तांब्याचा मुलामा. दोनदा वाकवली की कट्कन तुटते, खरं तांबं असं लगेच तुटत नाही. तो तुकडा आणि तो जुना जॅक टेपसकट डबीत ठेवलाय, फोटो पावतीसोबत जोडलेत.

तर आता मला पाहिजे ते असं. ही केबल काढून खऱ्या तांब्याची, किमान कॅट 5ई (1000 चा स्पीड झेपणारा केबलचा दर्जा), टाकून द्यायची, एकही पैसा न घेता. किंवा माझे 550 परत करा, मी एमजी रोडवरून आणून घालतो, पण मग पोराची मजुरी 300 पण तुमच्याकडेच. आणि दोन महिने पूर्ण पैसे भरून जे 94 वर काढले त्याचं काहीतरी बिलात वळतं करा, किती ते तुम्ही सांगा, मग बघू. सात दिवसांत काही झालं नाही तर तुमच्याच अपील अथॉरिटीकडे (कस्टमर केअरच्या वरची तक्रारीची पायरी) जातोय आणि 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला पण लावतोय, डबी घेऊन.

शनिवारी येऊ नका, सिन्नरला लग्न आहे, घरी नसतो. इतर दिवशी सकाळी 11 नंतर कधीही, आधी फोन करून. येताना केबल टेस्टर आणा, मोबाइल नको. आणि आईला सांगून ठेवलंय, वरच्या कॉम्प्युटरवर 280 च्या वर दिसल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक