पार्किंगमध्ये प्लग द्या, मग इलेक्ट्रिक गाडीचे बोला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक कार घ्यावी की पेट्रोलचीच बरी, हा वाद हल्ली नागपुरात पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकू येतो. त्यातला ठरलेला मुद्दा वेळेचा. पंपावर पाच मिनिटांत टाकी फुल्ल, चार्जिंगला मात्र तासन् तास. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे, आणि त्याच्या आड खरी अडचण झाकली जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी स्वतः इलेक्ट्रिक कार चालवते. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडी रात्री जिथे उभी राहते त्या जागेबद्दल.

शहरातल्या नोकरदाराची गाडी दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर पळते. त्रिमूर्तीनगरहून ऑफिससाठी मिहानला जाऊन यायचे, येताना बर्डीच्या बाजारात एखादे काम करायचे, झाले. एवढ्याला पाच-सहा युनिट वीज लागते. घरातल्या साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून गाडी तासाला सुमारे तीन युनिट घेते. म्हणजे दिवसभराचे चालणे दोन तासांत भरून निघते, तेही आपण झोपेत असताना. तीस युनिटची बॅटरी अगदी तळाला गेली असेल तरी नऊ-दहा तासांत भरते आणि भिंतीवर सात किलोवॉटचा चार्जर बसवला तर चार-पाच तासांत. माझ्या ओळखीत ज्यांची स्वतंत्र घरे आहेत, ते चार्जिंगचा विषयसुद्धा काढत नाहीत. रात्री फाटक लावताना प्लग लावतात, सकाळी काढतात. पंपावरची पाच मिनिटेही त्यांची वाचतात.

पण सगळे नागपूर आता स्वतंत्र घरात राहत नाही. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, जिकडे बघावे तिकडे फ्लॅट स्कीम, म्हणजे फ्लॅटच्या इमारती, उभ्या आहेत. आणि स्कीममध्ये राहणाऱ्या माणसासाठी हा सगळा मामला एका सॉकेटवर येऊन अडतो. आमच्याच स्कीमचे सांगते. गाडी घेण्याआधी मी समितीकडे रीतसर अर्ज दिला: माझ्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल टाकू द्या, खर्च माझा. उत्तर आले, ‘पुढच्या सभेत बघू.’ पुढच्या सभेत एक म्हणाले आग लागेल, दुसरे म्हणाले लोड वाढून सगळ्यांची लाईट जाईल, तिसरे म्हणाले आज तुम्हाला दिले की उद्या सगळे मागतील. (तिसऱ्यांचे म्हणणे खरे आहे. सगळे मागतीलच, आणि मागावेच.) अजून परवानगी नाही. शेजारच्या विंगमधल्या एका भावाने वाट पाहणे सोडून दिले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तो रोज रात्री वायर खाली सोडतो. खाली तिला एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाला गाडीचा चार्जर, आणि पावसाचे थेंब पडू नयेत म्हणून बोर्डावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. त्या बोर्डाच्या एका भोकाभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडून वितळले आहे. मी हात लावून पाहिला तेव्हा प्लग चांगलाच तापलेला होता. आगीची भीती म्हणून परवानगी नाकारायची आणि त्या नकारामुळेच अशी धोक्याची जोडणी रोज रात्री चालू द्यायची, हे मला सहन होत नाही.

समितीतल्या लोकांची भीती मी उडवून लावत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या तरंगताना अर्ध्या शहराने पाहिल्या. तळघरात विजेचा पॉइंट म्हटले की छातीत धस्स होणारच. पण यावर उपाय काय तो प्रत्येक चांगल्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक असतो. पॉइंट छातीच्या उंचीवर घ्यायचा, मीटरपासून स्वतंत्र आणि पुरेशा जाडीची केबल आणायची, प्रत्येक पॉइंटला जास्त भार आला की वीज तोडणारी वेगळी एमसीबी आणि गळती दिसताच तोडणारी आरसीसीबी लावायची, अर्थिंग तपासून घ्यायचे. अर्थिंग बरोबर नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. लोडचेही तसेच. मे महिन्यात रात्री कूलर आणि एसी एकदम चालतात, डीपीवर (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो आणि फ्यूज उडतो, हे आपण दर उन्हाळ्यात भोगतो. साध्या सॉकेटवरची एक कार म्हणजे जवळपास दोन एसींचा भार. म्हणून गाड्या रात्री बारानंतर, आळीपाळीने लागाव्यात असा नियम स्कीमनेच करावा. हे टायमर लावून सहज होते. एकेकट्याने चोरून वायर सोडली तर होत नाही.

कायदाही आड येत नाही. घरी गाडी चार्ज करायला कसलाही परवाना लागत नाही. चार्जिंग केंद्र चालवायलासुद्धा वीज कायद्याखालचा परवाना नको, हे केंद्र सरकारने 2018 सालीच स्पष्ट केले. केंद्र सरकारच्या आदर्श इमारत उपविधींत 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि नव्या इमारतींतल्या पार्किंगपैकी 20 टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी असे सांगितले गेले. फेब्रुवारी 2024 च्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने तर ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी जोडणी मागता येते. कागदावर इतके सगळे असूनही माझा अर्ज समितीच्या फाइलमध्ये पडून आहे, कारण समितीला उत्तर द्यायला कोणी भाग पाडत नाही.

आता पैशाचे. महिन्याला हजार किलोमीटर धरा. शहरात पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा देत असेल तर सहासष्ट-सदुसष्ट लिटर, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेले, म्हणजे सात हजारांच्या घरात. इलेक्ट्रिक गाडीला तेवढ्याच अंतराला दीडशेच्या आत युनिट लागतात. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. हे युनिट घरच्या मीटरवर आले की बिल वरच्या टप्प्यात जाते आणि युनिट महाग पडते. तरीही पेट्रोलच्या खर्चाच्या निम्म्यात काम होते, खालच्या टप्प्यात राहिलात तर त्याहून बऱ्याच कमीत. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला आता दिवसाच्या विजेत सवलत आहे, पण दिवसा नोकरदाराची गाडी घरी कुठे असते? ती ऑफिसच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. त्याच शेडवर सौर पॅनल आणि खाली चार-दोन सॉकेट, एवढे जरी मिहान आणि हिंगणा एमआयडीसीतल्या कंपन्यांनी केले तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची मोठी सोय होईल. उन्हाची तर आपल्याकडे वानवा नाही.

घरी किंवा कामाच्या जागी प्लग नसेल तर उरतो रस्त्यावरचा डीसी, म्हणजे जलद, चार्जर, आणि तिथे पेट्रोल-डिझेलच सोयीचे ठरते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. युनिटला वीस रुपयांच्या आसपास दर, वर 18 टक्के जीएसटी. महामार्गावर शंभरच्या वेगाने गाडी युनिटला पाच-सहा किलोमीटरच देते. म्हणजे किलोमीटरला चार रुपये पडले, आणि चांगल्या डिझेल गाडीचाही खर्च त्याच्या फार पुढे जात नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे आणि वॉलेट वेगळे. वर्धा रोडवरच्या एका चार्जरवर माझे पैसे कापले गेले, चार्जिंग सुरू झाले नाही, आणि तिथे विचारायला माणूसच नव्हता. मे महिन्याची दुपार, 45 अंश तापमान, डोक्यावर छप्पर नाही, उन्हात स्क्रीनवरचे अक्षर दिसत नाही आणि गनची, म्हणजे गाडीत लावायच्या प्लगची, मूठ हाताला चटका देते. अशा उन्हात बॅटरी तापू नये म्हणून गाडीच वीज कमी घेते, त्यामुळे पाटीवर लिहिलेला वेग मिळत नाही. बॅटरी ऐंशी टक्के भरल्यानंतर तर कोणत्याही ऋतूत वेग मंदावतो, म्हणून मागे कोणी उभे असेल तर ऐंशीला गन काढून द्यावी, एवढे भान आपणही ठेवायला हवे.

रांगेचा अनुभव नागपूरला नवा नाही. मे 2017 मध्ये देशातला पहिला मोठा इलेक्ट्रिक टॅक्सी प्रकल्प याच शहरात दोनशे गाड्या घेऊन सुरू झाला होता. गाजावाजा झाला, मंत्री आले. काही महिन्यांतच चालक चार्जिंगच्या रांगेत तासन् तास ताटकळू लागले आणि त्यांतले काही डिझेलची गाडी परत मागू लागले. गाड्या आधी आणि प्लग नंतर, हा क्रम तेव्हा चुकला. आठ-नऊ वर्षांनी त्याच शहरात आपण तोच क्रम पुन्हा गिरवत आहोत, फरक इतकाच की टॅक्सीवाल्याच्या जागी आता सामान्य कुटुंब उभे आहे, ज्याने पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर गाडी घेतली आहे.

समृद्धी महामार्गाबद्दल थोडेच लिहिते. 120 च्या वेगाने बॅटरी फार लवकर उतरते, शंभरच्या आत चालवली तर निभावते. राज्याच्या 2025 च्या धोरणात महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय सांगितली आहे. ती होईपर्यंत ज्याला दर आठवड्याला गडचिरोली, गोंदिया करावे लागते आणि घरीही प्लग नाही, त्याने इलेक्ट्रिक गाडीच्या मागे लागू नये, असेच मी कोणालाही सांगेन.

माझी मागणी महापालिका, सहकार खाते आणि महावितरण या तिघांकडे आहे. फ्लॅट स्कीममधल्या रहिवाशाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पार्किंगमध्ये, परवानाधारक ठेकेदाराकडून पॉइंट घ्यायचा ठरवला तर समितीने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि नकार असेल तर कारण द्यावे, ते कारण महावितरणच्या अभियंत्याने तपासावे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकेने पार्किंगमध्ये केबलची नळी आणि मीटरची जागा आहे की नाही ते स्वतः बघावे. बिल्डरला बांधताना तो खर्च किरकोळ असतो, नंतर भिंती फोडून करायला रहिवाशाचे कंबरडे मोडते. सार्वजनिक चार्जरलाही पंपाचेच नियम लावा. पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह द्यावे लागते, तक्रारीची वही ठेवावी लागते. चार्जरवर निदान छप्पर, दिवा, चालू आहे की बंद ते सांगणारा फोन नंबर आणि अडकलेले पैसे परत मिळण्याची मुदत तरी असू द्या.

आमच्या स्कीमची वार्षिक सभा पावसाळ्यानंतर आहे. त्याआधी सहकार खात्याने समित्यांना मुदतीत उत्तर देण्याची सक्ती केली तर माझ्यासारख्या पुष्कळ जणांचे अर्ज मार्गी लागतील, आणि गॅलरीतून लोंबणाऱ्या वायरी कोणाचा जीव घेण्याआधी काढता येतील.

आपली,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर