चार हजार डॉलरची गाडी बघताना

नोव्हाय, मिशिगन

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती मी आणि बाबांनी काल रात्री नीट वाचल्या. 2013 ची फोर्ड फोकस, 2009 ची शेव्हरले कोबाल्ट आणि 2010 ची फोर्ड फोकस. तुझा जीव पहिलीवर आहे हे मला कळतंय. फोटोत ती खरंच छान दिसते. तरी मी तुला तिसरी बघायला सांगणार आहे. का, ते फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहून पाठवावं असं वाटलं.

तुझे मित्र म्हणतात, जुनी घ्यायची तर कोरोला किंवा सिव्हिक, दुसरं काही नाही. त्यांचं चुकत नाही, पण त्या नावाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. आपल्या बजेटात मिळणारी कोरोला बहुतेक वेळा पावणेदोन-दोन लाख मैल पळालेली आणि चार जणांच्या हातून फिरलेली असते. तेवढ्याच पैशांत लाखाच्या आसपास चाललेली अमेरिकन छोटी गाडी मिळते, कारण बाजारात तिच्या नावाला भाव नाही. तुझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या हे पथ्यावरच पडतं. मात्र गाडी पारखून घ्यावी लागते. नुसतं "फोकस चांगली का वाईट" असं विचारून काही हाती लागत नाही. कुठल्या वर्षाची, गिअरबॉक्स कुठला आणि आजवर कोणी कशी सांभाळली, हे विचार.

आधी 2013 च्या गाडीचं बोलू. 2012 पासून 2018 पर्यंतच्या बहुतेक फोकसमध्ये ऑटोमॅटिक म्हणून जो गिअरबॉक्स दिला, तो आतून मॅन्युअलसारखाच आहे. त्याला दोन क्लच आहेत, आणि ते दाबायचं-सोडायचं काम पायाऐवजी कॉम्प्युटर करतो. हे क्लच तेलात बुडालेले नाहीत, कोरडे आहेत. सिग्नलवरून हळूहळू पुढे सरकताना ते घसरत-पकडत राहतात आणि गाडी थरथरते. सील झिरपून तेल क्लचवर आलं की थरथर आणखी वाढते. भरीला क्लच चालवणारा तो कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल मॉड्यूल, बिघडला तर चालत्या गाडीची ओढ जाते. यावर ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला, तडजोड झाली. कंपनीने बऱ्याच गाड्यांच्या क्लचची वॉरंटी 7 वर्षं किंवा 1 लाख मैल आणि मॉड्यूलची 10 वर्षं किंवा दीड लाख मैल अशी वाढवली. 2013 च्या गाडीसाठी ही मुदत केव्हाच संपली. म्हणजे उद्या क्लच गेला तर खर्च तुझा, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर सहज जातो. हीच गाडी मॅन्युअल असती तर मी जरूर बघ म्हटलं असतं. पण तू मॅन्युअल चालवत नाहीस, तेव्हा तिचा विचार सोड.

कोबाल्टबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गेली कित्येक वर्षं मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या क्वालिटीचंच काम करते आणि ही गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. त्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमधली छोटी स्प्रिंग आणि तिचा दट्ट्या कमी ताकदीचा होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला, तर किल्ली चालू स्थितीतून मागे सरकायची. इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टिअरिंग जायचं आणि धडक झाली तर एअरबॅग उघडायची नाही. कोबाल्ट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 2014 मध्ये रीकॉल काढला, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या, तोवर फार उशीर झाला होता. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. स्विचची रचना मधल्या काळात गुपचूप सुधारली गेली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना कमजोर स्विच आणि नवा मजबूत स्विच कागदावर एकच झाले आणि तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षं काही उमगेना. शेवटी मुलगी गमावलेल्या एका कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा दट्ट्याच्या लांबीतला फरक दिसला. फरक दीड मिलिमीटरच्या आसपासचा. पार्ट बदलला की नंबर बदलायचा, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो, ते याचसाठी.

म्हणून कोबाल्ट घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. रीकॉलचं काम झालेलं असेल तर स्विच बदललेला आहे. पण ते झालंय का, हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून भागणार नाही. समोरच्या काचेतून ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर 17 अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दिसतो. तो एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकला की बाकी राहिलेले रीकॉल दिसतात, आणि ते काम डीलरकडे फुकट होतं. तिन्ही गाड्यांचा व्हीआयएन मागव. जो द्यायला टाळाटाळ करेल त्याच्याकडे जायचंच नाही.

आता 2010 च्या फोकसकडे येते. युरोपात फोकसचं नवं मॉडेल आलं तरी अमेरिकेत कंपनीने 2011 पर्यंत जुन्याच सांगाड्यावर गाडी विकली. तेव्हा लोकांनी नावं ठेवली. आज तुझ्यासाठी मात्र तेच बरं आहे, कारण त्या गाडीत मेकॅनिकला नवं वाटावं असं काही नाही. 2 लिटरचं 140 हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा साधा चार गिअरचा ऑटोमॅटिक. थोडा सुस्त आहे, पण नीट सांभाळला तर टिकतो. पार्ट स्वस्त आणि जंकयार्डात हवे तेवढे. या गाडीत उजव्या बाजूचं इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा आधार, जातं हे ठाऊक असू दे. सिग्नलला ब्रेक दाबून ड्राइव्हमध्ये उभा असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरायला लागली, तर ते तपासायला सांगायचं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, भाव कमी करून घ्यायचा एवढंच.

तुझ्याकडे खरा धोका गंजाचा आहे. कोलंबसच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. शिवाय ओहायोत दरवर्षीची सुरक्षा तपासणी सक्तीची नाही, आणि धुराची ई-चेक तपासणी क्लीव्हलँडकडच्या सात काउंटींपुरतीच आहे. म्हणजे ही गाडी गेल्या दहा-बारा वर्षांत कोणी खालून बघितलीच नाही, असंही असू शकतं. दाराखालच्या लांब पट्टीवर, म्हणजे रॉकर पॅनलवर, आतल्या कडेने अंगठ्याने दाबत शेवटपर्यंत जा. रंगाला फुगे आलेले असतील तिथे जास्त जोर दे. पत्रा चांगला असेल तर अंगठा दुखेल, सडलेला असेल तर कर्रकन आवाज होऊन आत जाईल. मागच्या चाकावरची कमान तशीच बघ. मग गुडघ्यावर बसून फोनचा टॉर्च लाव आणि पुढून मागे जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक स्टीलच्या नळ्यांचे फोटो काढ. वरवरचा तांबूसपणा चालेल, पापुद्रे सुटलेले चालणार नाहीत. गाडीखाली सगळीकडे ताजा काळा स्प्रे मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय हे विचार.

गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. आधीच सांगून ठेव, आणि पोचल्यावर गप्पा मारता-मारता बॉनेटवर हात ठेवून बघ. खोकणारं इंजिन बरेच जण गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवतात. किल्ली फिरव, पण स्टार्ट करू नकोस. चेक इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. दिवा मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी तो लागू नये अशी सोय केलेली आहे.

तुझ्या ड्रॉवरमधला माझा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन जा. 1996 पासून इथे विकलेल्या प्रत्येक कारला स्टिअरिंगखाली ओबीडी-2 पोर्ट आहे, तो तिथे लागतो. सगळे एरर कोड बघतात आणि "काही नाही" दिसलं की खूश होतात. तू त्याच्यापुढे जाऊन रेडीनेस मॉनिटर बघ, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. कोणी आदल्या रात्री कोड पुसले असतील किंवा बॅटरी काढून लावली असेल, तर कोड जातात, पण त्याबरोबर हे मॉनिटरही कोरे होतात. ते पुन्हा भरायला काही दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवावी लागते. तीन-चार मॉनिटर "इनकंप्लीट" दाखवत असतील तर विकणाऱ्याला सरळ विचार, बॅटरी बदललीत का? बदलली असेल तर पावती असेल. नसेल तर आठवड्याने पुन्हा येतो म्हण.

टायरच्या बाजूला डॉट (DOT) असं लिहून पुढे नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. नक्षी खोल दिसत असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचं रबर बर्फात पकडत नाही, तेव्हा चार नव्या टायरांचे पैसे किमतीत धर. मागच्या टायरवर तळहात फिरव. फोकसचे मागचे टायर वेडेवाकडे झिजायची खोड आहे, हाताला उंचसखल लागलं तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे.

मैलांचं एक सांगते. नव्या नियमाप्रमाणे 2011 आणि त्यानंतरच्या गाड्यांचे मैल विक्रीच्या वेळी 20 वर्षं लेखी द्यावे लागतात, पण 2010 आणि आधीच्या गाड्यांना ही अट दहा वर्षांनी सुटली. म्हणजे तुझ्या फोकसच्या कागदावर जाहिरातीतला 104000 मैल हा आकडा कायद्याने लिहावाच लागणार नाही. तेव्हा ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या यांचा मेळ घाल. कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट, काढ, त्यात मधल्या नोंदींचे मैल तारखेनिशी दिसतात. मात्र जे काम कुणी नोंदवलं नाही ते त्यात नसतं, हेही लक्षात ठेव.

ओहायोत टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. आधीच सही करून ठेवलेलं टायटल अजिबात घ्यायचं नाही. टायटलवरचं नाव आणि समोरच्याच्या लायसन्सवरचं नाव एकच पाहिजे. "गाडी माझ्या भावाची आहे, तो गावाला गेलाय" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघून ये. बिनपरवान्याचे दलाल पार्किंग लॉटमधून गाड्या विकतात ते असेच. सॅल्व्हेज (नुकसानीमुळे मोडीत काढलेली) किंवा रीबिल्ट (त्यातून पुन्हा उभी केलेली) असा शिक्का आहे का, बँकेचं कर्ज फिटलंय का, हेही त्याच कागदावर बघ. सगळ्यात सोपं म्हणजे दोघांनी मिळून काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात जायचं आणि पैसे तिथेच द्यायचे.

हे सगळं बघितलंस तरी स्वतंत्र मेकॅनिककडून लिफ्टवर गाडी तपासून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. शे-दीडशे डॉलर जातील, ते मी देते. पुण्यात तुझा मामा जुनी स्कूटर घ्यायलासुद्धा मिस्त्रीला बरोबर न्यायचा, त्यात कोणाला अपमान वाटत नव्हता. इथेही प्रामाणिक माणूस हो म्हणतो. नाही म्हणणाऱ्याशी वाद घालू नकोस.

तुझ्याजवळ चार हजार आहेत, म्हणजे गाडी बत्तीसशेच्या वर जाता कामा नये. टॅक्स, टायटल, टायर आणि पहिल्या वर्षात निघणारं एखादं काम त्यातच बसवायचंय. जाहिरातीत 3700 म्हटलंय. माउंट, टायर, गंज, जे दिसेल त्याचे फोटो दाखवून शांतपणे बोल. इन्शुरन्समध्ये या किमतीच्या गाडीला कोलिजन कव्हर (धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचं) नको, पण लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची) किमान ठेवू नकोस. ओहायोची किमान मर्यादा एका माणसाच्या इजेला 25 हजार डॉलर आहे, आणि इथल्या हॉस्पिटलचं बिल तू जाणतोस. शंभर-तीनशेचा, म्हणजे एका माणसाला एक लाख आणि एका अपघाताला तीन लाख डॉलरचा, आकडा विचारून बघ आणि मला कोट पाठव.

शनिवारी एकटा जाऊ नकोस, रूममेटला घेऊन जा आणि उजेडात जा. आज व्हीआयएन मिळाला तर लगेच पाठव, रीकॉल मीच बघून ठेवते. बाबा शुक्रवारी कॅम्पसजवळच्या दोन-तीन गॅरेजना फोन करून शनिवारी लिफ्ट कोणाकडे रिकामी आहे ते विचारणार आहेत. जेवणाचं बघ, वेळेवर झोप.

तुझी
आई